चार फुटी रोल, दोन फुटी प्लॉटर

रेडियमच्या स्टिकरसाठी कापलेल्या चक्राच्या बाहेरच्या वर्तुळाची दोन टोकं एकमेकांना भेटत नव्हती. फरक जेमतेम मिलिमीटरभराचा होता. लांबून कोणाच्या लक्षातही आला नसता, पण सोलायला बसलं की तिथेच घोटाळा व्हायचा. नको असलेला भाग उचलावा तर वर्तुळाच्या त्या न मिटलेल्या जागेवर चक्राची कड धरून बसायची, आणि जरा जोर लावला की शेजारच्या एक-दोन आऱ्या घेऊनच वर यायची. २४ आऱ्यांचं निळं चक्र, पाच इंची. दसरा साडेतीन आठवड्यांवर आलेला. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, १४ ऑक्टोबर १९५६ची आठवण घेऊन येतात. गाडीच्या टाकीवर, हेल्मेटवर चिकटवायला त्यातल्या कोणाच्या हाती तुटक्या आऱ्यांचं चक्र द्यावं, हे मला पटणारं नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून कापलेला माल मी बाजूला काढून ठेवला.

दोष मशीनचा नव्हता. दोष होता रोलच्या कडेत, आणि ती कड मीच कापली होती.

नागपुरात सक्करदऱ्याकडे आमचं रेडियमचं दुकान आहे. रेडियम हा आपला बाजारातला शब्द. खरं म्हणजे ती पीव्हीसीची पातळ फिल्म, साधारण ८० मायक्रॉनची. तिच्या पाठीला गम, आणि गमाच्या पाठीला सिलिकॉनचा हात दिलेला गुळगुळीत कागद. आमचा प्लॉटर, म्हणजे संगणकावरची आकृती फिल्मवर कापणारं मशीन, दोन फुटी आहे, म्हणजे २४ इंची, ६१० मिलिमीटरचा रोल त्यात नीट बसतो. त्या वर्षी मला हवी होती तशी निळी छटा गांधीबागेतल्या पुरवठादाराकडे फक्त चार फुटी रोलमध्ये शिल्लक होती. दोन फुटीपेक्षा ती चौरस फुटाला स्वस्तही पडत होती, कारण अरुंद रोल हा शेवटी रुंद रोल कापूनच होतो आणि त्या कापण्याची मजुरी त्यात धरलेली असते. १२२० मिलिमीटर रुंद, ५० मीटर लांब, वजन पंधरा-सोळा किलो. ऑटोत आडवा घालून मी तो आणला. कापू की आपण, असं वाटलं होतं.

पहिल्यांदा टेबलावर उलगडून कापला. दोन-दोन मीटर ओढायचा, मधोमध खुणा करायच्या, स्टीलची पट्टी ठेवून कटर चालवायचा, पुढे सरकवायचा. दुकानातला मुलगा दुसऱ्या टोकाला धरून उभा. दहा मीटरपर्यंत छान वाटलं. पुढे लक्षात आलं की प्रत्येक वेळी पट्टी जिथे संपते आणि पुन्हा ठेवली जाते, तिथे कडेला अगदी बारीक कोन पडतो. बोट फिरवलं तर समजतो, डोळ्याला दिसत नाही. त्याहून वाईट झालं ते परत गुंडाळताना. कारखान्यातून रोल येतो तो एकसारख्या ताणाने गुंडाळलेला. आपण हाताने गुंडाळतो तेव्हा कधी घट्ट, कधी सैल. ढिला रोल उभा केला की आतले थर खाली सरकतात आणि एका बाजूला शंकूसारखं टोक बाहेर येतं. असा रोल प्लॉटरला लावला की मशीन ओढताना एक बाजू आधी ताणली जाते, दुसरी लोंबत राहते. दोन्ही कडांवरच्या रबरी चाकांपैकी एक जरासं घसरतं. माल मागे-पुढे होत असतो, त्यामुळे सुई, म्हणजे प्लॉटरचं बारीक पातं, वर्तुळ काढायला जिथून निघाली तिथे परत येते खरी, पण तोवर खालचा माल तिथे राहिलेला नसतो. मिलिमीटरभराची ती फट अशी पडत होती.

तसा मी अर्धाच रोल उलगडला होता. उरलेले पंचवीसेक मीटर अजून कारखान्याच्या गुंडाळीत होते, म्हणून तेवढे तरी न उलगडता, आख्खेच कापावेत असं ठरवलं. ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे लोखंडी पाइप कापायची चकती होती. रोलच्या टोकाचा एक इंचाचा तुकडा कापून पाहू म्हणून ती टेकवली मात्र, मिनिटभरात धूर. पीव्हीसी तापलं की त्यातून तिखट वायू निघतो. डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला, आम्ही दोघंही बाहेर पळालो. हे कोणीही करू नये, मास्क लावूनसुद्धा करू नये. मशीन थांबल्यावर पाहिलं तर कापलेल्या जागी सगळे थर वितळून एकमेकांत मिसळलेले, मेणबत्तीच्या बुडासारखे. नंतर घरी हॅकसॉ घेऊन बसले. दहा-बारा फेऱ्यांत दातांमध्ये गम भरला आणि करवत जागच्या जागी चिकटली.

सासरे आमचे जुने पेंटर. प्लॉटर यायच्या आधी नागपुरात किती दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या, ते तेच सांगू जाणे. दोन दिवस ते माझा खटाटोप बघत होते. रात्री जेवताना म्हणाले, "गोल वस्तू कापाची असंल तर तिलेच फिरवा लागते. हत्यार कायले फिरवून राहिली?"

दुसऱ्या दिवशी त्यांनीच महाल भागातल्या एका खराद्याकडे, लाकूड फिरवून गोल वस्तू घडवणाऱ्या काकाजींकडे, नेलं. गल्लीत उतरताच लाकडाच्या भुशाचा वास येतो. आत भिंतीशी लाटणी, खाटेचे खूर, आणि एका कोपऱ्यात तान्ह्या, म्हणजे लहान मुलांच्या, पोळ्याला न विकले गेलेले लाकडी नंदी, चाकं न बसवलेले. काकाजींनी रोलवर हात फिरवला, टोकाकडून नळीत डोकावून पाहिलं, अंगठ्याने थर दाबला. "पोळ्याच्या आधी आल्या असत्या ना ताई, तर हातच नसता लावला म्या. आता ठेवा, पाहू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पहिले तो दुपट्टा काढा गळ्यातला. मशीनपाशी लोंबतं काहीच नाही पाहिजे." उन्हासाठी तोंडाला बांधून आलेला दुपट्टा मी सोडवून बाहेर ठेवला. त्यांनी स्वतःच्या हातातलं कडंही काढलं. हातमोजे घालू का, असं विचारलं तर मानेनेच नाही म्हणाले. फिरत्या वस्तूजवळ मोजा अडकला तर तो हाताला सोबत घेऊन जातो.

पुढचा तासभर फक्त तयारीत गेला, आणि आता मला वाटतं की खरं काम तेच आहे. रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी तीन इंची, पोकळ. लेथच्या, म्हणजे वस्तू आडवी धरून फिरवणाऱ्या यंत्राच्या, दोन टोकांमध्ये नुसती धरली तर मधे दबते आणि रोल हेलकावे खातो. काकाजींनी विचार करून मला प्लंबिंगच्या दुकानात पिटाळलं आणि ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणायला लावला. नळीचं भोक ७६ मिलिमीटरचं, म्हणजे पाइप आत अलगद सरकतो. उरलेला मिलिमीटर त्यांनी पाइपावर कागदी टेपचे वेढे देऊन भरून काढला. पाइपाच्या दोन्ही टोकांना लाकडाचे गट्टू ठोकले, त्यांच्या बरोबर मधोमध लेथची टोकं रुतवली. आता रोल फिरवला की डोळ्याला हललेला दिसत नव्हता. या पाइपाचा आणखी एक उपयोग आहे. पुठ्ठा कापून चाकू आरपार आला की तो पाइपावर टेकतो, पुढे जात नाही. पाइपावर ओरखडे पडतात, एवढंच.

खूण कशी करायची तेही त्यांनीच दाखवलं. नवा, सरळ कडेचा कागद घ्यायचा, पट्ट्यासारखा रोलभोवती गुंडाळायचा. कागदाची कड स्वतःवर येऊन तंतोतंत बसली तर समजायचं की वेढा काटकोनात आहे. तसूभरही पुढे-मागे झाली तर पुन्हा. तिसऱ्या वेळी बसली. त्या कडेला पेन्सिल टेकवून रोल हाताने एक फेरा फिरवला. रेघेच्या दोन्ही अंगांना ब्राउन टेपचा एकेक घट्ट वेढा दिला, म्हणजे वरचा थर फाटत नाही.

चाकू त्यांचा स्वतःचा. मोठ्या पॉवर हॅकसॉचं मोडलेलं पातं घासून केलेला, वीतभर लांब, आणि धार फक्त एका अंगाने. दुसरं अंग आरशासारखं सपाट. मी विचारलं, दोन्ही बाजूंनी धार का नाही? त्यांनी दोन बोटांची पाचर करून दाखवली. दोन्हीकडून उतरती धार आत जाताना दोन्हीकडे ढकलते, आणि खोल गेली की जिकडे माल मऊ लागेल तिकडे वाकते. वर सरळ दिसतं, आत वाटीसारखा खड्डा पडतो. एकाच बाजूने धार असली की सपाट अंगाकडचा काप सपाट राहतो, दाब सगळा दुसऱ्या अंगाला जातो. म्हणजे एक तुकडा चोख मिळतो, दुसऱ्याची कड नंतर दोन-तीन मिलिमीटर छाटावी लागते. दुकानातलं मोडत जाणारं कटरचं पातं मी सोबत नेलं होतं. ते त्यांनी हातात घेऊन बाजूला ठेवलं. आमच्या अर्ध्या रोललाही थरांची जाडी दोन सेंटिमीटरच्या आसपास, त्यात पुठ्ठ्याची भर; तेवढ्या खोलीत ते लवचीक पातं खुणेवरच मोडतं आणि तुकडा कुठे उडेल याचा नेम नाही.

रोल कोणत्या बाजूने फिरतोय हे फार महत्त्वाचं. मोकळं टोक मागे राहील, फेटा बांधताना कापड मागे ताणलेलं असतं तसं, या दिशेने फिरला पाहिजे. मग चाकूच्या घासण्याने थर आणखी घट्ट बसतात. उलटा लावला तर चाकू एकेक थर उकलायला लागतो.

सगळ्यात कमी वेगाच्या पुलीवर पट्टा चढवला. चाकू लाकडी आधारावर टेकवला. मग मी पाहिलं ते असं: धार रेघेवर टेकली, निळ्या पृष्ठभागावर केसाएवढी काळी रेघ उमटली, आणि ती रेघ हळूहळू खोल होत गेली. भुसा नाही, कीस नाही. करवतीत पात्याच्या जाडीएवढा माल भुशात जातो; इथे काहीच जात नव्हतं, चाकू नुसता थर बाजूला सारत आत उतरत होता. आवाज एकसारखा, रेशमी कापड ओढल्यासारखा. मी म्हटलं, जरा जोर द्या ना काकाजी.

"चाकूले घाई नाही पाहिजे ताई. घाई केली का तो गरम होते, गरम झाला का गम सोडते, गम सोडला का चाकू वाकडा जाते."

चार-पाच मिलिमीटर आत गेला की ते चाकू बाहेर काढायचे, लेथ थांबवायचे. पात्यावर दुधी रंगाची चिकट साय आलेली असायची. रॉकेलच्या चिंधीने ती पुसायची, कोरड्या कापडाने पुन्हा पुसायची, मग पात्याला साबणाच्या पाण्याचा अगदी एक थेंब. रॉकेल रोलजवळ आणायचं नाही, ते गम विरघळवतं. पाणीही थेंबच, कारण पाठीचा कागद पाणी पितो. मला कोणीतरी सिलिकॉनचा स्प्रे मारा म्हणून सांगितलं होतं. त्याने चाकू लोण्यासारखा सरकेल हे खरं, पण सिलिकॉनचा हात गमाला किंवा गाडीच्या रंगाला लागला की तिथे पुढे काहीच धरत नाही. मी तो दुकानात येऊच देत नाही.

चौथ्या की पाचव्या खेपेला आवाज बदलला. मऊ सरसर जाऊन खरखर आली. पुठ्ठा लागला होता. काकाजींनी हात आणखी हलका केला. पाइपावर धार टेकल्याचा टक् असा बारीक आवाज आला आणि त्यांनी मोटार बंद केली. दोन्ही तुकडे पाइपावर हाताने फिरवून अलग केले. मी कापावर बोट ठेवलं. काचेवर ठेवावं तसं लागलं. थर वेगळे मोजता येत नव्हते, फक्त उजेड तिरपा पडला की ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक रेघा दिसत होत्या.

दोन फुटी तुकड्यातला एक त्याच दिवशी पुन्हा मधे कापून घेतला, बारा-बारा इंचाचे दोन. पाच इंची चक्रं त्यात दोन ओळींत बसतात आणि कड वाया जात नाही. शिवाय प्लॉटरची दोन चाकं जवळजवळ आली की माल कमी भरकटतो, हे तेव्हापासून माझ्या अनुभवाला आलं आहे. मजुरी म्हणून काकाजींनी सांगितली ती रक्कम मला फार कमी वाटली. थोडं वर देऊ केलं तर घेईनात. "पुढल्या वर्षी आमच्या नंदीले डोळे द्या काळे, गोल. रंगानं काढतो तर पोरं खरडून टाकतात."

संध्याकाळी रोल लावला. चाचणी म्हणून एक मीटर रिकामाच पुढे-मागे चालवून घेतला, कड खुणेवरून हलली नाही. मग एक चक्र. सुई फिरून आली आणि वर्तुळाच्या सुरुवातीत जाऊन बसली. चिमट्याने कोपरा धरून उचललं तर बाहेरची सगळी निळाई एका ओढीत निघून आली, २४च्या २४ आऱ्या कागदावर तशाच. सासऱ्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

टेबलावर कापलेला पहिला अर्धा माल फुकट गेला नाही. त्याची लहान-लहान कापटं करून नावं, नंबर, हाताने कापायच्या पट्ट्या, यात वर्षभर वापरला. फक्त प्लॉटरला लांब कामासाठी लावला नाही.

पुढे मे महिन्यात दुसरा रोल कापायची वेळ आली तेव्हा नवीन धडा मिळाला. नागपूरचा मे, पारा ४५च्या वर. खराद्याचं दुकान पत्र्याचं. दुपारी रोल चढवला तर पहिल्या पाव इंचातच चाकू गमाने माखला, आणि कापलेल्या कडेतून गम घामासारखा बाहेर यायला लागला. आम्ही थांबलो. रोल रात्रभर आमच्या घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवला आणि सकाळी साडेसहाला कापला. त्या रात्री मी एक चूक केली होती. थंड राहावा म्हणून रोल कुलरच्या थेट झोतात ठेवला. आपला कुलर हवा थंड करतो ती पाण्याने, आणि त्या दमट हवेत कडेचा कागद फुगला. फिल्म फुगत नाही, कागद फुगतो, मग दोघांत भांडण लागतं: कडेशी कागद फिल्मपासून सुटून बारीक बोगदे पडले. रोल पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवला असता तर हे झालं नसतं. आता तसाच ठेवते, पावसाळ्यातही. कापून झाल्यावर दोन्ही कडांना संगजिऱ्याची पावडर कापडाने चोळते, म्हणजे बाहेर आलेल्या गमाला धूळ चिकटत नाही. आणि रोल उभे ठेवते, आडवे एकावर एक कधीच नाही. खालचा दबला की त्यावर सपाट पट्टा पडतो आणि प्लॉटरमध्ये दर फेऱ्याला तो पट्टा झटका देतो.

एका ओळखीने हिंगणा एमआयडीसीत स्लिटिंगचं मशीनही पाहून आले. तिथे रोल आख्खा कापत नाहीत. एका बाजूने उलगडत जातो, मधे ओळीने पाती, आणि पलीकडे प्रत्येक पट्टी आपापल्या नळीवर पुन्हा गुंडाळली जाते. बघताना मला माझं टेबल आठवलं. तेच काम, फक्त ताण सांभाळणारं यंत्र मधे आहे आणि कड सरळ आहे की नाही हे बघणारा डोळाही यंत्राचाच. वीस-पंचवीस रोल असतील तर तिथेच द्यावेत. एक-दोन रोलसाठी ते मशीन लावणं त्यांना परवडत नाही, आणि ते त्यांनी सरळ सांगितलं.

नंदीचे डोळे मी दिले. श्रावणात काळ्या रेडियमचे दोनशे जोड कापले, अर्ध्या इंचाचे गोल, मधे पांढरा ठिपका. काकाजींनी ते पूर्ण सुकलेल्या पॉलिशवर लावले, कारण ओल्या पॉलिशवर गम धरत नाही हे मी त्यांना बजावून सांगितलं होतं. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं ते नंदी दोरीने ओढत होती.

आता लोक विचारतात, रिफ्लेक्टिव्हचा, म्हणजे रात्री दिव्याचा उजेड परत फेकणाऱ्या फिल्मचा, रोल असाच कापून देता का? साध्या रेडियमवर मी हो म्हणते, रिफ्लेक्टिव्हला नाही. त्याच्या साध्या जातीत काचेचे बारीक मणी असतात, ते काकाजींच्या चाकूची धार एका रोलमध्ये खाऊन टाकतात. भारी जातीत आत बंद कप्पे असतात, ते कापले की कडेने पाणी शिरतं आणि रात्री तेवढी कड काळी दिसते. त्याचे मी लागतील तेवढे मीटर उलगडून, पट्टी ठेवून, एकेक तुकडा हातानेच कापते आणि कडेला पारदर्शक पट्टी लावून देते.